धूर लागलेलं पोतं

सुरीकाका हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. कोकोच्या प्रशिक्षण केंद्रातले ते शिक्षक. सदऱ्याच्या खिशात पेनाऐवजी छोटी सुरी, म्हणून सुरीकाका. समोर येईल ती कोकोची बी मधोमध चिरायची आणि आत बघायचं. जांभळी दिसली की कच्ची, तपकिरी दिसली की नीट आंबलेली. आमच्यासारख्या अर्धा एकरवाल्यांना ते हेच पुन्हा पुन्हा शिकवायचे, तेही न चिडता. मी असते तर दुसऱ्याच दिवशी सुरी फेकून घरी गेले असते!

त्यांच्या आधी आमच्याकडे फळ फोडलं, बिया अंगणात पसरल्या, वाळल्या की झालं. काकांनी लाकडी पेटी आणली. गरासकट बिया तिच्यात भरायच्या, वर केळीची पानं, सहा दिवस आंबवायच्या, दर दोन दिवसांनी खालवर करायच्या. बाबा म्हणाले, "बियांना सहा दिवस पांघरूण घालून झोपवायचं? लाड नुसते!" वर भर बाजारात बोलून बसले, "एक पोतं करून बघतो. केंद्राने विकत न घेता परत पाठवलं, तर दुसऱ्या दिवशी झाडांवर कुऱ्हाड."

ती चाळीस झाडं आईने लावली होती. पहिलं फळ धरायच्या आत ती गेली. बाबांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. म्हटलं, पोतं मीच करणार.

पेटीचं सगळं जमलं. वाळवायच्या वेळी मात्र आभाळ भरून आलं, ते काही हटेना. बियांना बुरशी धरेल या भीतीने मी अतिशहाणपणा केला आणि त्या चुलीवरच्या माळ्यावर पसरल्या. तीन दिवसांत कडकडीत! मी अशी खूश की विचारू नका.

केंद्रात काकांनी पन्नास बिया चिरल्या. सगळ्या तपकिरी. मग मूठभर बिया चोळून हुंगल्या आणि त्यांचा चेहराच पडला.

"चुलीवर वाळवल्यास?"

"थोडासाच धूर लागला असेल, काका."

"धूर थोडासा नसतो गं बाळ. चॉकलेट खाणाऱ्याच्या जिभेवर तो शेवटपर्यंत राहतो."

पोतं परत. किती चिडले मी! आमच्याकडे चार वेळा चहा प्यालेला माणूस, आमच्यासाठी एवढंही करू नये?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंगणात कुऱ्हाडीला धार लावत बसले. मी रडले, भांडले, जेवणार नाही म्हणाले. ते नुसते घासत होते आणि मधूनच रस्त्याकडे बघत होते. शेवटी काकांची सायकल आली. ते धापा टाकत म्हणाले, "चूक माझी आहे. ऊन नसेल तर काय करायचं, हे मी शिकवलंच नाही. एक हंगाम द्या मला." बाबा कुऱ्हाड भिंतीला टेकवत म्हणाले, "तुम्ही एवढं म्हणताय म्हणून." त्याच आठवड्यात दोघांनी मिळून बांबूचा मांडव घातला, वर प्लास्टिकचा कागद ताणला. पुढच्या हंगामात आमचं पोतं पास झालं.

आज बाबा नाहीत. त्याच केंद्रात आता मी शिकवते, माझ्याही खिशात सुरी असते. परवा आईच्या झाडांच्या बिया घेऊन काकांना भेटायला गेले. मध्यंतरीच्या एका आजारपणापासून त्यांना वास येत नाही. सवयीने मूठ नाकाशी नेली, मग माझ्यापुढे धरली. "तू सांग."

"धूर नाही, काका."

ते हसले. "आता सांगायला हरकत नाही. तुझं पोतं परत पाठवलं ना, त्या संध्याकाळी तुझे बाबा माझ्याकडे आले होते."

"भांडायला?"

"छे गं! म्हणाले, चारचौघांत बोलून बसलोय, कुऱ्हाड उचलावीच लागेल. तुम्ही उजाडताच या आणि मला अडवा. आणि नेमकी माझी सायकल पंक्चर! दोन तास उशीर. वाटलं, गेली झाडं. येऊन बघतो तर हे आपले अजून धारच लावतायत."

बाबांना कुऱ्हाडीला धार लावायला कधी दहा मिनिटांच्या वर लागली नव्हती.