हिरवी होडी की करडी

तेरेंती हा आमच्या वस्तीतला सगळ्यात भित्रा माणूस, आणि पोरांना रोज डॅन्यूब नदी ओलांडून शाळेत नेण्याचं काम नेमकं त्याच्याकडे. यावर हसून हसून आमच्या लोकांची पोटं दुखलेली आहेत. तो दुकानात शिरला की कुणीतरी ओरडायचंच, "तेरेंती, जपून रे, कोपऱ्यात बादली आहे, पाण्याने भरलेली!" तो खरोखर बादलीकडे बघायचा आणि मगच पुढे पाय टाकायचा.

मी आणि तो एकाच वर्षीचे. आमच्यात बाप्तिस्म्याला बाळाला तीनदा पुरतं बुडवून काढतात. त्याची आई सांगायची, "बाकीची पोरं बुडवल्यावर रडतात, माझं पाणी बघूनच रडायला लागलं." याला अठ्ठेचाळीस वर्षं झाली. त्याला अजून पोहता येत नाही. तसं आमच्यातल्या निम्म्या मासेमारांना येत नाही, पण ते सांगत फिरत नाहीत. तेरेंती सांगतो.

रोज सकाळी सातला धक्क्यावर सात पोरं जमायची. त्यांच्या जाकिटांना तो अशा दुहेरी गाठी मारायचा की संध्याकाळी आया त्याच्या नावाने बोटं मोडायच्या. मग तो पोरं मोजायचा. बसताना एकदा, सुटताना एकदा, आणि नदीच्या मध्यावर पुन्हा एकदा, जसं काही कुणी वाटेत उतरून गेलंय. इंजिनाची दोरी ओढायच्या आधी मोठ्याने म्हणायचा, "मला भीती वाटतेय. गप्प बसा." माझी उलियाना आठ वर्षांची. जेवायला बसली की चमचा उगारून त्याची नक्कल करायची आणि मी हसून हसून लोळायचो.

या मार्चमध्ये नदीवरचा बर्फ गेला आणि त्याच्याबरोबर तेरेंतीच्या लाकडी होडीचा तळही गेला. सरपंचबाई पारास्किवा म्हणाल्या, आता पोरांसाठी ॲल्युमिनियमची मोटरबोट घ्यायची, निवड तेरेंतीने करायची. आसपास विकायला दोनच होत्या. एक हिरवी, ती माझी. दुसरी करडी, शेजारच्या वस्तीतल्या हारालांबीची. दोन्ही एकाच कारखान्यातल्या, एकाच वर्षीच्या, साडेचार मीटर लांब, आत तीन आडवी बाकं. रंग सोडला तर जुळ्या बहिणी. माझ्या होडीला पुढे काच होती आणि इंजिन नवं होतं. त्याच्या होडीच्या नाकाला पोचा आलेला. सगळ्या वस्तीने मनातल्या मनात हिरवी घेऊनसुद्धा टाकली होती.

आता मी ती का विकत होतो ते सांगतो. या होड्यांच्या बाकांखाली बंद पेट्या असतात आणि त्यांत फोम ठासलेला असतो. होडी काठोकाठ भरली तरी तो फोम तिला तळाला जाऊ देत नाही. दोन वर्षांपूर्वी मी तिन्ही पेट्या कापल्या, फोम लव्हाळ्यात फेकून दिला आणि त्या जागेत पलीकडच्या देशातून येणारी सिगारेटची पाकिटं लपवायला लागलो. फेब्रुवारीत सीमेवरचे पोलीस होड्यांची बाकं काठीने ठोकून बघायला लागले आणि माझी पाचावर धारण बसली. मी कापलेले पत्रे रिव्हेट मारून परत बसवले, वरून रंग फासला आणि होडी विकायला काढली. शाळेच्या होडीची बाकं कोण ठोकणार!

तीत माझीच पोरगी बसणार हे मला कळत नव्हतं असं नाही. पण फोम नसला तरी पेट्यांत हवा आहे आणि हवाही तरंगतेच, अशी मी मनाची समजूत घातली. शिवाय चालवणार तेरेंती. तो कसली होडी बुडवतोय!

तेरेंतीने तीन दिवस घेतले. दोन्ही होड्या उंच लाकडी ठोकळ्यांवर चढवल्या, आतून पाणी भरलं आणि खाली उताणा पडून एकेक रिव्हेट पाझरतंय का ते बघितलं. दोन्ही कोरड्या. मग त्याने पाणी काढलं आणि एकेकीचं नाक दोन्ही हातांनी उचललं. हिरवीचं पुन्हा उचललं. पुन्हा करडीचं.

"साझोन," तो मला म्हणाला, "तुझी हलकी आहे."

"मग चांगलंच की! पेट्रोल कमी पिईल."

"दोघी सख्ख्या बहिणी. मग एकीचं वजन कमी का?"

"तिला कमी खायला घातलं," मी म्हणालो. सगळे हसले. मीही हसलो.

"मला भीती वाटतेय," तेरेंती म्हणाला. "दोन्ही बुडवून बघू या."

यावर तर धक्क्यावर हशाच पिकला. सरपंचबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांचा नातू फेदोत त्या सातांतला. "बुडवा," त्या म्हणाल्या.

शनिवारी सकाळी सगळी वस्ती धक्क्यावर. तेरेंती ढकलगाडी घेऊन आला. तीत वाळूची सात पोती होती. दवाखान्यातल्या नर्सकडून त्याने प्रत्येक पोराचं वजन लिहून आणलं होतं, तेवढी वाळू मोजून भरली होती, आणि प्रत्येक पोत्यावर खडूने नाव घातलं होतं. फेदोत, एकतीस किलो. मार्फा, बावीस. मी ती नावं वाचत गेलो. पाचवं पोतं उलियानाचं होतं. सव्वीस.

पुढची नावं मी वाचलीच नाहीत.

इंजिनं काढून ठेवली होती, त्यांच्या जागी तेवढ्याच वजनाचं लोखंड बांधलं. आधी हिरवी. तेरेंतीने प्रत्येक पोतं त्या त्या पोराच्या ठरलेल्या जागेवर ठेवलं. उलियानाचं मधल्या बाकावर, डावीकडे. मग स्वतःच्या कमरेला दोर बांधला आणि दुसरं टोक माझ्याकडे दिलं.

"तू धर. तुझ्या हातात जोर आहे."

"तू कशाला बसतोस? एक पोतं तुझ्या नावाचं टाक ना!"

"वाळूला काय कळणार होडी कशी वागते ते?" असं म्हणून त्याने आमच्या रीतीप्रमाणे दोन बोटांनी छातीवर क्रूसाची खूण केली आणि होडीत बसला. धक्क्यापाशी दोन पुरुष पाणी, त्यात मार्चचा गारठा.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. चार शब्द पुरेसे होते. पण सगळी वस्ती बघत होती, बायको बघत होती, आणि पोरांच्या घोळक्यात उलियाना हात हलवत होती. मी दोर मनगटाला गुंडाळला.

धक्क्यावरून दोघांनी बादल्यांनी होडीत पाणी ओतायला सुरुवात केली. "तेरेंती, बादली आली रे!" कुणीतरी ओरडलं. पाणी त्याच्या घोट्याला लागलं, मग पोटऱ्यांना. काठ नदीला टेकला आणि नदी स्वतःच आत आली. होडी क्षणभर तशीच थांबली. तरंगतेय, हवा पुरली, असं मी मनात म्हणालो. तेवढ्यात बाकांखाली मी बसवलेल्या पत्र्यांच्या फटींतून बुडबुडे यायला लागले. मागचा भाग खाली गेला, नाक वर आलं, आणि तेरेंती, पोती, होडी, सगळं एका दमात दिसेनासं झालं. आवाजसुद्धा झाला नाही.

मी दोर ओढला. दोर एका माणसापेक्षा जड लागत होता. मला वाटलं, अडकला, मेला, मी मारला. मी ओरडत होतो, काय ते आठवत नाही. चौघे माझ्या मदतीला आले तेव्हा कुठे तो वर आला, निळा पडलेला. दोन्ही हातांनी त्याने एक पोतं उराशी कवटाळलं होतं आणि धक्क्यावर आणल्यावरही ते सोडायला तयार नव्हता.

"एकच धरता आलं," तो म्हणाला. त्याचे दात कडकडत होते. "सात होते. एकच धरता आलं."

मी पोतं उलटंपालटं करून बघितलं. खडू पाण्याने धुऊन गेला होता. कुणाचं नाव होतं ते वाचता येत नव्हतं.

कुणीही हसलं नाही. बायकोने उलियानाला कडेवर घेतलं. आठ वर्षांची घोडी, तरी घेतलं. तेरेंतीला दुकानातल्या शेगडीपाशी नेऊन अंगाला दारू चोळली, रासबेरीचा मुरंबा घालून चार कप चहा पाजला. आता उरलीच एक, करडी घेऊन टाका, असं सगळे म्हणायला लागले.

"तीही बुडवायची," तेरेंती म्हणाला.

"अरे, मरशील!" सरपंचबाई ओरडल्या.

"मरायची भीती आहे म्हणूनच."

दुपारी तो दुकानदाराचे कपडे घालून परत धक्क्यावर आला. सहा पोती नदीच्या तळाशी, त्यामुळे वजन कुठून आणायचं हा प्रश्न पडला. हारालांबी म्हणाला, "माझी होडी आहे, मी बसतो," आणि विडी न विझवता जाऊन बसलासुद्धा. मग तेरेंतीने माझ्याकडे बघितलं. मीही जाऊन बसलो. त्याने ते बिननावाचं पोतं आणून माझ्या मांडीवर ठेवलं आणि स्वतः माझ्या मागे बसला.

"कुणाचं ते कळत नाही," तो म्हणाला. "घट्ट धर."

बादल्या सुरू झाल्या. पाणी घोट्यांशी आलं, मग गुडघ्यांशी. त्या थंडीने माझा श्वास अडकला. काठ बुडाला, नदी आत आली, पाणी कमरेला लागलं, आणि मी डोळे मिटून घेतले. उलियाना मधल्या बाकावर डावीकडे बसते. मीही तिथेच बसलो होतो.

होडी थांबली. मी वाट बघितली. ती नदीच्या बरोबरीने तशीच डुलत राहिली, काठोकाठ भरलेली, आणि आम्ही तिघे पाण्यात बसल्यासारखे. हारालांबीची विडी अजून पेटलेलीच होती.

"साझोन," माझ्या मागून तेरेंती हळूच म्हणाला, "तुझ्या पेट्यांत फोम नव्हता."

"नव्हता."

"तुला ठाऊक होतं?"

हारालांबी ऐकत होता. ऐकू दे. "होतं," मी म्हणालो. "मीच काढला."

"मी आत बसलो तेव्हा का नाही सांगितलंस?"

"भीती वाटली रे."

मला वाटलं, आता हा माझ्या पाठीत लाथ घालणार. घातली असती तर बरं झालं असतं. तो नेहमीच्याच आवाजात म्हणाला, "मग तसं म्हणायचं ना. मी रोज म्हणतो."

मग त्याने आम्हाला मोजलं. हारालांबी एक, मी दोन, आणि खांद्यावरून हात पुढे करून माझ्या मांडीवरच्या पोत्याला बोट लावलं. तीन.