निन्या निकानं क्लब विकला

निकानोरा तुरीसोचा बर्फाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे धक्क्याजवळची पत्र्याची शेड, आत दोन जुनी यंत्रं आणि दारात पहाटेपासून टोपल्या घेऊन उभे असलेले कोळी. तिला आम्ही सगळे निन्या निका म्हणायचो. आमच्या मग्दालेना नदीच्या काठावर बाई साठीची झाली तरी मानानं हाक मारायची तर निन्या, म्हणजे ‘पोरी’, असंच म्हणतात.

फुटबॉलशी तिचा संबंध एवढाच, की तिचा नवरा आरिस्तिदेस हा ऊनियोन रिबेरेन्या क्लबचा अध्यक्ष होता आणि सामना संपला की सुजलेले गुडघे घेऊन खेळाडू बर्फासाठी तिच्या शेडमध्ये यायचे. ती त्यांना तळलेला मासा आणि उकडलेला युकाचा कंद वाढायची, कुणाची आई कशी आहे, कुणाचं लग्न ठरलं, ते विचारायची. ऑफसाइड म्हणजे काय हे तिला शेवटपर्यंत नीट उमगलं नाही.

आरिस्तिदेस एका दुपारी झोपाळ्यावर पडल्या पडल्या गेला. महिन्याभरानं चर्चच्या मागच्या खोलीत क्लबच्या सभासदांची बैठक झाली. मी गावातला न्हावी, समितीवर होतो, म्हणून सगळं डोळ्यांदेखत घडलं. नवा अध्यक्ष कोण, असा प्रश्न आला तेव्हा जो तो आपल्या चपलांकडे बघू लागला. क्लब दुसऱ्या श्रेणीत होता, म्हणजे नाव मोठं आणि खिसा फाटका. शेवटी सगळ्यांच्या नजरा दाराशी उभ्या असलेल्या निन्या निकाकडे वळल्या.

नंतर कितीतरी वेळा ती मला म्हणायची, "मी चाव्या परत द्यायला आले होते, ओसमीन. चाव्या घेणारं कुणी नव्हतं."

तोवर नदीनं आमचं मैदान खायला सुरुवात केली होती. आमच्या गावाचं, पुएर्तो सान्दोवालचं, मैदान काठालाच होतं, एका बाजूला लाकडी पायऱ्या, दुसऱ्या बाजूला पाणी. आधी कुंपण गेलं. मग दुसऱ्या पावसाळ्यात एक कोपरा खचला. त्या वर्षीच्या एका सामन्यात आम्हाला कॉर्नर मिळाला आणि चेंडू ठेवायला कोपराच नव्हता. पंचानं जरा आत ठेवा म्हटलं, समोरच्या संघानं हरकत घेतली, वाद झाला आणि सामना तिथेच थांबला. लोक हसत हसत घरी गेले. पुढच्या पुरात पेनल्टीच्या खुणेपर्यंतची जमीन गेली, गोलाचे खांबही गेले, तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

महापौरांनी नवीन मैदानाचं वचन दिलं. गावाबाहेरच्या कुरणात पायाचा दगड बसवला, बँड वाजला, सगळ्यांना कोंबडीचा रस्सा मिळाला. त्यानंतर महापौर बदलला. नव्या महापौरानं तो दगड आपला नाही म्हणून सांगितलं. कुरणात पुन्हा गुरं चरू लागली.

मग रिबेरेन्याचे घरचे सामने परगावी होऊ लागले. पहाटे होडीनं नदी ओलांडायची, पुढे तीन तास बस, आणि ज्या मैदानाचं भाडं आपण भरायचं तिथे पायऱ्यांवर बसलेली माणसं समोरच्या संघाच्या नावानं ओरडायची. आमच्या गावातून सुरुवातीला दोन बस भरून माणसं जायची, मग एक, मग आम्ही चार-पाच म्हातारे. तिकिटांतून मैदानाच्या दिव्यांचं भाडंसुद्धा निघेना. निन्या निका पदरमोड करत राहिली. एक यंत्र विकलं. कोळ्यांना पुरेसा बर्फ मिळेना, तेव्हा ते पलीकडच्या काठावरून आणू लागले. पोरीनं, म्हणजे तिच्या सख्ख्या मुलीनं, शहरातून फोन करून सांगितलं की आई, तू वेडी आहेस. निकानं ते मला सांगितलं आणि म्हणाली, खोटं काय बोलली ती.

खेळाडूंचे पगार थकले. आमचा कप्तान यादीर पेद्रोसो सकाळी सराव करायचा आणि दुपारी मोटरसायकलवरून उतारू पोचवायचा. एका आठवड्यात सगळे खेळाडू मैदानात उतरले आणि पंचानं शिट्टी वाजवल्यावर जागच्या जागी खाली बसले. हे आम्ही माझ्या दुकानात रेडिओवर ऐकलं. नंतर फुटबॉल संघटनेचा निरोप आला की थकबाकी द्या, नाहीतर परवाना रद्द.

निन्या निकानं क्लब विकायचं ठरवलं ते तेव्हा. समितीत आम्ही पाच जण होतो. कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाहीही म्हणालं नाही.

किंमत ठरवायला राजधानीतून एक तरुण हिशेबनीस आला, कास्त्रियोन नावाचा. होडीतून उतरतानाच त्याचे बूट भिजले. माणूस सभ्य होता. निकानं त्याला शेडमध्ये बसवलं, कॉफी दिली, आणि तो एकेक विचारत गेला. मैदान? नाही. बस? भाड्याची. कार्यालय? हेच. खेळाडूंचे करार? डिसेंबरला संपतात. पुढे विकले जातील असे तरुण खेळाडू? होते दोन, ते गेल्या वर्षीच गेले. चषक होते, ते तिनं कपाटातून काढून दाखवले. त्यानं हात जोडल्यासारखे केले आणि राहू द्या म्हणाला.

"सेन्योरा, खरं सांगू का? रागावू नका."

"बोल, बाबा. राग येण्याइतकी ताकद नाही राहिली."

"क्लबची किंमत शून्याच्याही खाली आहे. देणं जास्त, असणं काहीच नाही. विकण्यासारखी आहे ती फक्त जागा."

"जागा तर नदीनं नेली."

"ती जागा नव्हे. दुसऱ्या श्रेणीतली तुमची जागा. देशात एवढेच क्लब त्या श्रेणीत खेळू शकतात, आणि त्यातला एक तुम्ही आहात. एखाद्या शहराला नवा संघ हवा असेल तर त्याला कुणाची तरी जागा विकतच घ्यावी लागते. त्यांना तुमचं नाव नकोय, शर्ट नकोत, तुमची माणसंही नकोत."

निकानं त्याला रविवारपर्यंत थांबायला लावलं. रविवारी आमचा सामना परगावी होता आणि बघायला जायला बसचे पैसे कुणाकडे नव्हते, म्हणून सगळं गाव धक्क्यावर जमलं होतं. मासे साफ करणाऱ्या बायका, पत्ते खेळणारे, होडीवाले, सगळ्यांच्या मध्ये एक रेडिओ. आम्ही दोन गोलांनी हरत होतो. यादीरनं शेवटाला एक गोल केला तेव्हा होडीवाल्यांनी भोंगे वाजवले, आणि म्हाताऱ्या प्रिसिलियानोनं, ज्याला पायानं चालता येत नाही, खुर्चीतूनच टोपी नदीत फेकली. हरलोच शेवटी. कास्त्रियोन सगळं बघत होता.

निकानं त्याला विचारलं, "याचं काय धरलंस?"

त्यानं मान खाली घातली. म्हणाला, "काही धरता येत नाही. मी यासाठी एक आकडा घातला, तर घेणारा पहिल्यांदा तोच खोडेल, आणि मग बाकीच्या आकड्यांवरही त्याचा विश्वास राहणार नाही. तुमचंच नुकसान होईल."

सोमवारी तो गेला. जाताना निकानं त्याला केळीच्या पानात बांधून मासा दिला. त्यानं तो घेतला, हे मला आवडलं.

गिऱ्हाईक मिळायला वेळ लागला नाही. डोंगराकडच्या एका थंड शहरातला बांधकामवाला, एचेवेरी. तिकडे महापालिकेनं नवंकोरं स्टेडियम बांधलं होतं आणि त्यात खेळायला संघ नव्हता. आमच्याकडे संघ होता आणि खेळायला जागा नव्हती. एचेवेरी दूरध्वनीवर हसून म्हणाला की देवानंच जुळवलेली सोयरीक आहे ही. निकानं तीन अटी घातल्या. नाव रिबेरेन्या राहावं, शर्ट पिवळा-हिरवा राहावा, आणि वर्षातून दोन सामने पुएर्तो सान्दोवालमध्ये व्हावेत. रक्कम त्यानं चांगली सांगितली होती, पण पहिल्या दोन अटी ऐकूनच फोन ठेवला, आणि निकानं त्या मागे घेतल्या नाहीत.

समितीनं निकाची पाठ थोपटली. गावात तिच्या नावानं जयजयकार झाला. प्रिसिलियानो म्हणाला, बाई असून मर्दासारखी वागली. ती त्याला म्हणाली, मर्द होते त्यांनी चाव्या घेतल्या नाहीत, प्रिसी.

पण नकारानं पोट भरत नाही. त्या मोसमात आम्ही तळाला राहिलो. दोन सामन्यांना तर अकरा माणसं जमली नाहीत, आणि बर्फ पोचवणाऱ्या एका हातगाडीवाल्याला शर्ट घालून उभं केलं. यादीरच्या बायकोचं बाळंतपण अवघड झालं, दवाखान्याचा खर्च आला, आणि तो निकाच्या दारात येऊन उभा राहिला. मागितलं काहीच नाही, नुसता उभा राहिला. तिनं गळ्यातली साखळी काढून दिली. त्या संध्याकाळी तिनं स्वतःहून एचेवेरीला फोन केला.

आता त्यानं पहिल्या रकमेच्या अर्ध्याहून थोडं जास्त देऊ केलं. कारण सरळ होतं. परवाना रद्द व्हायला दोन महिने उरले होते, आणि ते त्यालाही ठाऊक होतं.

चर्चच्या मागच्या खोलीत पुन्हा बैठक झाली. या वेळी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. एकामागून एक माणसं उठली आणि क्लब विकू नये असं बोलली. कुणाच्या बापानं तो स्थापला होता, कुणाच्या भावाला त्या शर्टात पुरलं होतं. सगळं खरं होतं. निका शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि मग एवढंच म्हणाली, "शनिवारी बसवाल्याला भाडं द्यायचंय. कोण देतंय?"

मग हात वर झाले. विक्रीच्या बाजूनं सात हात जास्त पडले. त्यात माझा होता.

सही करायला मी तिच्याबरोबर शहरात गेलो. एचेवेरी उंच, गोरा, गोडबोल्या. नाव आणि रंग यांबद्दल तो ऐकूनही घेईना. निका दोन सामन्यांच्या अटीवर मात्र अडून बसली. वाटलं, आता हा उठून जाणार. पण तो वकिलाकडे वळून म्हणाला, "लिहा की. वर्षाला दोन सामने पुएर्तो सान्दोवालच्या मैदानात. सेन्योराचं मन मोडायचं नाही."

निकानं सही केली. खाली रस्त्यावर आल्यावर मला इतका आनंद झाला होता की मी तिला म्हटलं, बघा निन्या, एक तरी गोष्ट पदरात पडली.

ती जिन्याच्या पायरीवर बसली. "त्यानं लगेच हो म्हटलं ना, तेव्हाच मला कळलं."

"काय?"

"आपल्या गावात मैदान कुठंय, ओसमीन?"

परतीच्या बसमध्ये ती खिडकीला डोकं टेकून होती. झोपली असावी असं मी धरून चाललो.

पैसे आले आणि गेले. खेळाडूंचे सगळे पगार चुकते झाले, शेवटच्या महिन्यापर्यंत. बसवाला, दिव्यांचं भाडं, डॉक्टर, सगळ्यांचं दिलं गेलं. निकाच्या यंत्राचे पैसे तिनं यादीत धरलेच नव्हते आणि आम्ही कुणी आठवण करून दिली नाही. यादीरला नव्या मालकांनी घेतलं नाही, वय झालं म्हणाले. तो बायको-पोरीला घेऊन तेलाच्या कंपनीत पहारेकरी म्हणून लांब गेला. जाण्याआधी शेडमध्ये आला, निकाच्या पाया पडल्यासारखं तिचे हात धरून रडला. ती त्याला म्हणाली, जेवून जा.

गाव मात्र फिरलं. ज्यांनी बैठकीत हात वर केला होता तेही म्हणू लागले की घाई झाली, आणखी थांबायला हवं होतं. काही म्हणाले, पहिल्यांदा विकला असता तर दुप्पट आले असते, बाईच्या हट्टानं बुडवलं. दोन्ही बाजूंनी ती चोर. कुणीतरी शेडच्या पत्र्यावर लाल रंगात लिहिलं, "विकाऊ". मी पुसायला रंग घेऊन गेलो तर तिनं अडवलं. पत्रा गंजतो आहे, तोच पुसेल, म्हणाली. उरलेले कोळीही पलीकडच्या काठाचा बर्फ घेऊ लागले.

त्या डोंगरातल्या शहरात संघाला नवीन नाव मिळालं, निळा शर्ट मिळाला, आणि तिसऱ्या वर्षी तो पहिल्या श्रेणीत गेला. आम्ही माझ्या दुकानात टीव्हीवर तो सामना पाहिला. शिट्टी झाल्यावर तिकडे माणसं रडत होती, आणि आम्हाला कळेना की आपण काय करावं. प्रिसिलियानो म्हणाला, आपलीच जागा वर गेली.

विजयसोहळ्याला एचेवेरीनं निकाला बोलावणं धाडलं, प्रवासाचं तिकीटही. जाऊ नका असं मी सांगितलं. पण ती गेली, मुलीचा लोकरी स्वेटर घालून. तिला तिसऱ्या रांगेत बसवलं होतं. ध्वनिक्षेपकावर क्लबचा इतिहास सांगितला, तो तीन वर्षांपूर्वीपासून सुरू होत होता. शेजारच्या बाईनं तिला विचारलं, तुमचा कुणी मुलगा खेळतो का? ती नाही म्हणाली.

ती परत आली तेव्हा मी तिला धक्क्यावर उतरवून घेतलं, पिशवी उचलली. कसं होतं विचारलं.

"गवत चांगलं होतं," ती म्हणाली. थोडं चालल्यावर पुन्हा म्हणाली, "खूप चांगलं होतं."

त्या डिसेंबरात दुसरं यंत्र बंद पडलं. दुरुस्तीला माणूस बोलावला होता, तो आलाच नाही, की तिनंच बोलावला नव्हता, कुणास ठाऊक. शेडला कुलूप लागलं. निका मुलीकडे शहरात राहायला गेली. मधूनमधून फोन करते, नदीचं पाणी कुठवर आलं ते विचारते. चर्चच्या भिंतीला लागलंय, असं मी परवाच सांगितलं तिला.