बाबा हलले नाहीत की वाजणारा भोंगा

मी इंजिनीअर आहे आणि मी समजावून सांगितलेली गोष्ट आजवर कोणालाही समजलेली नाही.

आई गेल्यावर बाबा बडनेऱ्याच्या घरात एकटे राहिले. (पुण्याला चला म्हटलं, तर "तिथं मले कोण ओयखते?") पडले-बिडले तर कळणार कसं, म्हणून माझा जीव टांगणीला! शेवटी मी एक यंत्र बनवून बैठकीत ठोकलं. घरात बराच वेळ हालचाल नाही झाली, की भोंगा वाजणार आणि माझ्या फोनवर निरोप येणार : "बाबांशी ताबडतोब बोला."

एवढंच सांगायचं होतं. पण मी सेन्सर, इन्फ्रारेड, थ्रेशोल्ड करत तासभर बोललो. बाबा मान डोलवत होते.

"समजलं ना, बाबा?"

"समजलं रे बापा. आता चहा पी."

दुसऱ्या दिवसापासून रोज दुपारी भोंगा! मी मीटिंग सोडून फोन करायचो. "बाबा! बरे आहा ना?"

"मले काय धाड भरली? तू जेवला का?"

तिकडे शेजारच्या सुशीलाकाकू कणकेच्या हातानं धावत यायच्या, समोरचे वानखडे सर अर्धी दाढी करून. मी काकूंना फोनवर सांगितलं, "घाबरू नका, फॉल्स पॉझिटिव्ह आहे." (म्हणजे भोंगा उगाच वाजला.) त्यांनी तोंडाला पदर लावला आणि गल्लीभर सांगितलं, की भाऊसाहेब (म्हणजे बाबा) पॉझिटिव्ह निघाले!

आता मात्र यंत्र दुरुस्त करायलाच हवं होतं. रजा टाकली, न कळवता बडनेरा गाठलं. खिडकीतून पाहतो तर काय! बाबा खुर्चीत दगडासारखे बसलेले, नजर यंत्रावर. पुढ्यात चहाचा थर्मास, कप मांडलेले, ताटलीत चिवडा. भोंगा वाजला आणि बाबांचा चेहरा फुलला. काकू आल्या, सर आले, गप्पा रंगल्या.

सगळे गेल्यावर मी आत शिरलो आणि तडकलो. "बाबा, हे काय करून राहिले तुमी?"

"तूच सांगतलं ना, हललं नाही का लोकं येतात. तुहा फोनबी येते."

"अहो, पण ते गरज पडल्यावर!"

"मंग? गरज व्हती ना."

तासभर बोलणारा मी, खुर्ची ओढून बाबांच्या शेजारी नुसता बसून राहिलो. इतका वेळ, की भोंगा पुन्हा वाजला, काकू पुन्हा कणकेच्या हातानं धावल्या आणि माझ्याच खिशातून मला निरोप आला : "बाबांशी ताबडतोब बोला!"