हरभऱ्याची टोपली आणि चाचांची नळी

अकरावीला लातूरच्या कॉलेजात आणि क्लासला गेल्यावर मी पहिल्यांदाच दोन दिवस गावी आले होते. आमचं गाव जळकोटकडचं. भूकंपात घर पडलं नव्हतं, नुसत्या भिंती तडकल्या होत्या. पण तेव्हापासून गावाला एक सवय लागली होती. एखादं जनावर उगाच ओरडायला, पाय आपटायला लागलं, की लोक आधी बाहेर पडत आणि मग विचार करत.

त्या दुपारी आमची शेळी तसंच करायला लागली. उठायची, बसायची, परत उठून ओरडायची. आईनं तवा चुलीवरून उतरवला. म्हणाली, "लेकराला घे अन् भाईर चल."

लेकरू म्हणजे वहिनीचं, सात महिन्यांचं. वहिनीला दूध नव्हतं. ते याच शेळीवर वाढत होतं.

ट्रंक, ज्वारीचं पोतं आणि शेळी, सगळं अंगणात आलं. आमचं बघून शेजारच्यांनीही बाजा बाहेर काढल्या. बराच वेळ गेला. शेजारची म्हातारी म्हणाली, "कवा यायचाय त्यो भूकंप? माझी भाजी करपून राहिली."

तेवढ्यात फाट्यावरचे सायकल दुरुस्तीवाले चाचा आमची सायकल परत द्यायला आले. त्यांच्या घरीही शेळ्या होत्या. त्यांनी शेळीच्या डाव्या कुशीवर बोटानं टिचकी मारली. हलगीसारखा आवाज आला.

"जमीन न्हाई हालत, भाभी. पोट फुगलंय हिचं. काय खाल्लं?"

सकाळी हरभरा खुडला होता. इतक्या दिवसांनी भेटली म्हणून कोवळ्या शेंड्यांची टोपलीच मी तिच्यापुढे ठेवली होती. मी तसं सांगितलं.

जळकोटच्या दवाखान्यापर्यंत शेळी टिकेल असं चाचांना वाटत नव्हतं. त्यांनी सायकलच्या पिशवीतून दोन वस्तू काढल्या. एक वीतभर लाकूड, मधोमध भोक, दोन्ही टोकांना दोरी. दुसरी नवी मऊ नळी, मोटरसायकलमधून पेट्रोल काढतात तसली, टोक तापवून गोल केलेलं. लाकूड शेळीच्या तोंडात आडवं देऊन त्यांनी दोऱ्या शिंगांमागे बांधल्या. तोंडापासून शेवटच्या बरगडीपर्यंत नळी मोजून तिथं दोरा बांधला, तेल लावलं. डोकं धरायचं काम माझ्याकडे आलं.

"आभाळाला नको लावू, बेटा. सरळ धर."

भोकातून नळी आत गेली. चाचांनी विचारलं, "कॉलेजवाली, कुठं गेली? श्वासात का पोटात?"

श्वासनलिका आणि अन्ननलिका मी वहीत किती वेळा काढल्या होत्या. पण हातातल्या त्या गरम गळ्यात मला काही कळेना.

"सांगता येत नाही," मी म्हणाले.

"मलाबी न्हाई येत. म्हणून तर पाणी."

त्यांनी नळीचं बाहेरचं टोक पाण्याच्या तांब्यात बुडवलं. शेळीच्या प्रत्येक श्वासाला बुडबुडा आला. चाचांनी लगेच नळी बाहेर ओढली, शेळीला जरा दम घेऊ दिला आणि परत घातली. या वेळी तांब्यातलं पाणी शांत राहिलं. मग त्यांनी नळी दोऱ्यापर्यंत सरकवली आणि पोटातल्या वाऱ्यानं पाणी नुसतं उकळल्यासारखं व्हायला लागलं. आंबूस घाण वास अंगणभर पसरला. आईनं नाकाला पदर लावला, आणि पदराआड ती हसत होती.

"हे सुचलं कसं, चाचा?"

"माझी एक शेळी गेली औषध फुप्फुसात जाऊन. मग वाटलं, पंक्चर आपण पाण्यातच बघतो ना."

नळी निघाली, तरी लाकूड त्यांनी तोंडात तसंच ठेवलं. ते चावता चावता शेळी ढेकरा देत राहिली. दिवस मावळायच्या आत रवंथ सुरू झालं. धारेला वाटीभरच दूध निघालं. ते उकळून, निववून मी चमच्यानं लेकराला पाजलं. त्यानं वाटी धरायला हात पुढे केला.

आई ट्रंक आत नेत होती. उंबऱ्यावर थांबून म्हणाली, "भूकंप तुझ्या टोपलीतून आल्ता, बाई. आता ह्या ट्रंकेला हात लाव."