चेहऱ्यांची इस्त्री

एकदा एक नवखा माणूस चार शर्ट आणि एक कोट बगलेत मारून फोटो स्टुडिओच्या पायऱ्या चढला आणि काउंटरवर विचारू लागला, "ते इस्त्रीकाका इथेच बसतात ना? फार सफाईचं काम करतात म्हणे." काउंटरवरच्या माणसाला एवढं हसू आलं की त्याला खुर्ची धरावी लागली. त्याने आत हाक मारली, "काका, गिऱ्हाईक आलंय! कोटसुद्धा आणलाय!"

आतून बारीक चणीचा एक डावखुरा तरुण बाहेर आला. वय सत्तावीस, पण 'इस्त्रीकाका' हे नाव त्याला तेव्हाच चिकटलं होतं. नाव दिलं होतं स्टुडिओच्या मालकांनी. "आमचा हा माणूस चेहऱ्यांना इस्त्री करतो," असं ते सगळ्यांना सांगायचे, आणि त्यात खोटं काही नव्हतं. काका निगेटिव्हवर रिटचिंग करायचे. म्हणजे फोटो काढून झाला, फिल्म धुऊन वाळली, की कागदावर छापायच्या आधी ती काकांच्या मेजावर यायची. मेज उतरतं, मधोमध दुधी काच, काचेखाली आरसा. खिडकीतला उजेड आरशावर पडून खालून वर यायचा आणि निगेटिव्हमधला चेहरा उजळायचा. तोही उलटा: केस पांढरे, दात काळे. बघणाऱ्याला भूतच वाटावं. काकांना मात्र त्यात माणूस दिसायचा.

टोक केलेली पेन्सिल म्हणजे काय, हे काकांकडे बघून कळायचं. लाकूड तासून दीड इंच शिसं उघडं करायचं आणि काचपेपरवर घासून घासून त्याची सुई करायची. निगेटिव्हवर कापसाने औषध चोळायचं, म्हणजे शिसं धरतं. मग स्वल्पविरामाएवढे बारीक फटकारे मारत डोळ्यांखालची वर्तुळं, कपाळाच्या आठ्या, गालावरचे फोड हळूहळू बुजवत जायचं. एका चेहऱ्याला तास सहज लागायचा. त्या तासात काका श्वाससुद्धा बेताने घ्यायचे. शिंक आली तर मेज सोडून मागच्या जिन्यापर्यंत पळत जायचे.

सुरुवातीची तीन-चार वर्षं त्यांनी दिसेल ते पुसलं. नवा हात, नवी पेन्सिल, अंगात रग. पुढे एकदा एका मास्तरांच्या कपाळावरच्या तिन्ही आठ्या त्यांनी गुळगुळीत केल्या, तर मास्तरांची बायको फोटो घेऊन परत आली. म्हणाली, "हे कोण गृहस्थ? आमच्या ह्यांना घरी न्यायचंय मला." त्या दिवसापासून काका आधी पाच मिनिटं नुसतं बघायचे आणि काय ठेवायचं ते ठरवायचे. काय काढायचं हे मग आपोआप ठरायचं.

अशी पस्तीस वर्षं गेली. मग कॉम्प्युटर आला.

मालकांचे चिरंजीव आता गल्ल्यावर होते. मुलगा चांगला होता. त्याने काकांना कॉम्प्युटरसमोर बसवलं, स्वतः शिकवलं. काकांनी माउस डाव्या हातात धरला, उजव्या हातात धरला, शेवटी दोन्ही हातांत धरला. बाण काही थांबेना. शिसं फिल्मवर टेकलं की बोटांना जी बारीकशी खरखर कळायची, ती इथे नव्हतीच. बर्फावरून चालल्यासारखं वाटायचं. महिनाभराने एका नवरीचा डावा डोळा चुकून कानाजवळ गेला, तेव्हा काका आपणहूनच उठले. "पोरा," ते म्हणाले, "आता मी पासपोर्टचे फोटो कापत जाईन. कात्री अजून माझं ऐकते."

पाच वर्षं त्यांनी पासपोर्टचे फोटो कापले. पुढे त्यासाठीही मशीन आलं. त्यानंतर लोकांच्या हातात फोन आले आणि स्टुडिओच बंद झाला. शेवटच्या दिवशी काकांनी आपलं मेज तीनचाकी टेम्पोत घालून घरी आणलं. काकूंनी दारातच विचारलं, "हे कुठे ठेवणार?"

"कुठेही. कोपऱ्यात."

"आपल्या घराला चारच कोपरे आहेत, आणि चारही भरलेत."

तरी मेज राहिलं. त्यावर आधी वर्तमानपत्रांची रद्दी आली, मग काकूंचं शिवणाचं सामान, मग सुनेचा प्रिंटर. सून बँकेत होती, बोलायला फटकळ आणि मनाने साफ. "बाबा, तुमच्या मेजाला कामाला लावलंय मी," ती म्हणाली. काका हसले. पण प्रिंटर घरघरायला लागला की ते उठून गॅलरीत जायचे.

वयाच्या पंच्याहत्तरीत त्यांच्या दोन्ही डोळ्यांतला मोतीबिंदू काढला. पट्टी सुटली त्या सकाळी काकू चहाचा कप घेऊन समोर आल्या आणि काका बघतच राहिले. गालावर जाळं, ओठांभोवती चुण्या, हनुवटीखाली सैल पडलेली कातडी.

"अगं," त्यांच्या तोंडून निघून गेलं, "तू कधी म्हातारी झालीस?"

काकूंनी कप ठेवला. "झाली की दहा वर्षं. तुमच्या मोतीबिंदूने फुकटात रिटचिंग करून ठेवलं होतं माझं. आता भोगा."

सून स्वयंपाकघरात पोट धरून हसली. काकाही हसले, पण दिवसभर चोरून काकूंकडे बघत होते. एवढं बारीक काम! कुठलीही रेघ जबरदस्तीची नव्हती. सगळ्या जिथे असायला हव्यात तिथेच होत्या.

त्यानंतर वर्षभराने, एका दुपारी दाराची बेल वाजली. दारात सत्तरी ओलांडलेल्या एक उंच बाई होत्या, हातात जाड पाकीट. त्यांनी ओळख सांगितली: पोस्टात नोकरी करून निवृत्त झालेल्या. फोटोच्या मागे स्टुडिओचा शिक्का होता, म्हणून त्या पत्त्यावर गेल्या. तिथे आता चष्म्याचं दुकान आहे. ऑपरेशननंतर काकांचा चष्मा त्याच दुकानात झाला होता आणि तेव्हा काकांनी तिथल्या कामाच्या गोष्टी सांगितल्या होत्या, त्यामुळे दुकानदाराने काकांचं घर सांगितलं.

"काम विचित्र आहे," बाई बसत म्हणाल्या. "हसू नका. हा फोटो कोणाचा आहे, ते मला हवंय."

पाकिटातून मोठा काळापांढरा फोटो निघाला. विशीतली मुलगी, गळ्यात रुमालाची गाठ, मान थोडी तिरकी. काकांनी फोटोकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं. तेच नाक, त्याच भुवया.

"तुमचाच की हो."

"सगळे तेच म्हणतात. पण आम्ही जुळ्या. माझी बहीण चार महिन्यांपूर्वी गेली." बाईंनी फोटो आपल्याकडे वळवला. "लग्न दोघींनीही केलं नाही. जन्मभर एकाच घरात राहिलो. लोकांना आमच्यात फरक कळायचा तो एकाच गोष्टीने. लहानपणी ती जिन्यावरून पडली होती, हनुवटीवर तिरका व्रण होता. ह्या फोटोत व्रण नाही. म्हणजे मीच. पण मला ह्या स्टुडिओत बसल्याचं आठवत नाही. आणि तो रुमाल तिचा. तिला एकदा विचारलं, तर म्हणाली, 'माझा नाही, तुझाच फोटो आहे तो,' आणि कपाटात पालथा घालून ठेवला. आता भिंतीवर तिचा फोटो लावायचा म्हटलं, तर तरुणपणचा दुसरा एकही नाही. आणि मलाच कळत नाही, ही ती की मी."

काकूंनी पाणी आणलं होतं, त्या पेला हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

काकांनी भिंग मागवलं. मेजावरचा प्रिंटर स्वतःच उचलून खाली ठेवला, फोटो काचेवर ठेवला आणि खिडकीचा पडदा सरकवला. पाच मिनिटं ते नुसतं बघत होते. मग भिंग हनुवटीवर नेलं, बराच वेळ तिथेच धरलं, आणि त्यांचे कान लाल झाले.

"बाई," ते म्हणाले, "ही तुमची बहीण."

"कशावरून?"

"इथे बघा. गालावर कातडीचे कण दिसतात. हनुवटीवर ते नाहीत, बारीक तिरके फटकारे आहेत. आणि उलटीकडे झुकलेत. त्या स्टुडिओत डावखुरा मी एकटाच होतो." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "व्रण मी पुसला. तुमच्या बहिणीने सांगितलं असेल असं मला वाटत नाही. गिऱ्हाइकाने सांगितलेलं काम आम्ही पाकिटावर लिहायचो, आणि फोटोमागच्या शिक्क्याखाली तशी फुली मारायचो. मागे फुली नाही. मी तेव्हा पंचवीसचा होतो. दिसेल ते पुसायचो."

काकांना वाटलं, आता ही बाई चिडणार, आणि चिडली तर ते रास्तच होतं. पण बाईंनी तोंडावर हात ठेवला आणि त्यांचे खांदे हलायला लागले. त्या रडतायत की हसतायत हे कळायला थोडा वेळ गेला. दोन्ही चाललं होतं.

"म्हणजे ती रुसली होती!" बाई म्हणाल्या. "'तुझाच फोटो आहे' म्हणजे... तुम्ही तिला माझा चेहरा दिलात हो! आणि मी वेडी, पन्नास वर्षं शब्दशः धरून बसले. फार मानी होती. त्या व्रणाचं तिला कौतुक होतं. म्हणायची, मी जिना जिंकलाय."

"माफ करा," काका म्हणाले.

"माफीचं नंतर बघू. परत घालता येईल?"

काका आयुष्यात पहिल्यांदाच असं काही ऐकत होते. रिटचिंगच्या पस्तीस वर्षांत कोणी येऊन 'व्रण काढा' म्हणालं नाही असा आठवडा गेला नसेल. 'घाला' कोणीच म्हणालं नव्हतं. "एकुलत्या एका फोटोला हात लावणार नाही," ते म्हणाले. "नक्कल करावी लागेल. आणि नक्कल ह्या घरात एकाच माणसाला येते, ती सहाला बँकेतून सुटते."

सून आली, तिने ऐकून घेतलं आणि फोटो स्कॅन केला. "बाबा, व्रण मी स्क्रीनवरच घालून देऊ? दोन मिनिटांचं काम."

तिने खरंच घालून दाखवला. बाईंनी पाहिला आणि ओशाळून म्हणाल्या, "छान आहे गं. पण चिकटवल्यासारखा वाटतो."

मग काकांनी ब्रश शोधला. तीन केसांचा तो ब्रश काकूंच्या सुयांच्या डबीत सापडला. रंगाच्या वड्या वाळून दगड झाल्या होत्या, त्या पाण्याच्या थेंबाने जाग्या केल्या. सुनेने चकचकीत कागदावर प्रत छापली, तर त्यावर रंग मोत्यासारखा गोळा होऊन घसरला. खरखरीत कागद आणला. आता हात कापायला लागला. काकांनी दोन पुस्तकांवर पट्टी आडवी टाकून तिच्यावर मनगट टेकवलं. पहिली प्रत बिघडली. दुसरी, तिसरी बिघडली. चौथ्या प्रतीत व्रण इतका ठसठशीत झाला की काकू म्हणाल्या, "ही जिन्यावरून नाही, डोंगरावरून पडली."

बाई रोज दुपारी यायच्या. स्वतःच्या हनुवटीवर बोट फिरवून दाखवायच्या, "इथून सुरू व्हायचा, इथे थोडा आत जायचा, शेपटीला पांढरट." काका म्हणायचे, "हळू सांगा, पुन्हा सांगा." एवढ्या दिवसांत त्यांना त्या न पाहिलेल्या बहिणीबद्दल बरंच कळलं: ती चहात साखर जास्त घालायची, भांडली की शिट्टी वाजवायची, तीही पोस्टातच होती आणि पाकिटं वजनकाट्याशिवाय तोलायची.

सातव्या प्रतीवर काकांनी ब्रश खाली ठेवला. बाईंनी फोटो हातात घेतला, लांब धरला, जवळ आणला.

"आलीस का," त्या फोटोला म्हणाल्या.

काका खिडकीतून बाहेर बघत राहिले. सुनेने उगाचच प्रिंटरचं झाकण उघडून बंद केलं.

पुढच्या रविवारी बाईंनी तिघांनाही चहाला बोलावलं. फोटो बैठकीच्या भिंतीवर लागला होता. बाईंचा भाचा आत आला, चपला काढता काढता त्याची नजर वर गेली आणि तो सहज म्हणाला, "अरे, आत्याचा हा फोटो कुठे सापडला? आणि तुझा कुठेय, आत्या?"

"माझा नाहीच," बाई म्हणाल्या. "ज्याला माझा समजत होते तो तिचा निघाला. माझा एकटीचा फोटो म्हणाल तर एकही नाही."

सुनेने पर्समधून फोन काढला. "त्यात काय! बसा इथे."

"थांब," काका म्हणाले. ते उठले, बाईंची खुर्ची खिडकीकडे वळवली, पुन्हा जराशी मागे घेतली. खिडकीचं एक दार लोटलं. समोरच्या भिंतीला टेकवून पांढरी चादर धरायला भाच्याला उभं केलं, म्हणजे सावलीतल्या गालावर थोडा उजेड पडेल. काकू म्हणाल्या, "चहा गार होतोय." कोणी ऐकलं नाही.

"हसू का?" बाईंनी विचारलं.

"हसू नका. बहीण दुसऱ्या खोलीतून काहीतरी सांगतेय आणि तुम्हाला नीट ऐकू येत नाहीये, असं बघा."

बाईंनी मान किंचित वळवली.

"आता," काका सुनेला म्हणाले, "काढ. आणि हे बघ, तुझ्या फोनमध्ये ते आपोआप गुळगुळीत करायचं काहीतरी असतं ना?"

"असतं. ते कधीच बंद केलंय, बाबा," सून म्हणाली आणि तिने बटण दाबलं.