शेठजींची गाडी अन् माझा बारा-तेराचा पाना

गाड्यांच्या वायरिंगच्या दुकानात दोन गोष्टी आपोआप साचतात. जळालेल्या वायरी अन् किस्से. वायरी भंगारवाला तरी नेतो, किस्से कोणी नेत न्हाई. आमच्या तीर्थपुरीच्या दुकानातले अर्धे किस्से एकाच गाडीचे, अन् त्या सगळ्यांत गाढव बी एकच. मी, बबन!

गाडी कापडवाल्या शेठजींची. त्यांच्या वडलांनी घेतलेली, कार्बोरेटरवाली. वडील गेले, पण शेठजींच्या आई, म्हणजे आमच्या माँजी, दुसऱ्या गाडीत पाय ठेवत न्हाईत. रामनवमीला जांब समर्थला रामाच्या दर्शनाला जायचं तर ह्याच गाडीत, मागं डाव्या खिडकीशी बसून.

*

दसऱ्याच्या पूजेआधी गाडी माझ्याकडं आल्ती. मला लई हौस! इंजिन धुतलं, बोनेटच्या आत सगळीकडं काळा रंग मारला. इंजिनपासून बॉडीला करंट परत न्यायची अर्थिंगची पट्टी असते, ती खोलून तिच्या खाली बी दोन हात मारले, मंग परत कसली. काम म्हणजे काम!

दुसऱ्याच दिवसापासून गाडी बंद पडायला लागली.

शेठजी म्हणाले, "बबन, तुझ्याकडं येईपर्यंत बराबर चालत होती. तू नटवली अन् रुसली!"

मी म्हणालो, "शेठजी, वय झालंय तिचं."

*

कॉइल बदलली. प्लग बदलले. पॉइंट, कंडेन्सर, काही सोडलं न्हाई. गाडीच्या मनात आलं तर सुरू, न्हाई तर नुसतं "टक".

"आता जुनं काय राह्यलं रे?" शेठजींनी विचारलं.

"चावी."

"मंग ती बी बदल. अन् जमलं तर मेकॅनिक बी!"

*

एकदा स्पार्क बघायला प्लगच्या चारही वायरी एकदम उपसल्या. खूण करायची असते, केली न्हाई. अंदाजानं बसवल्या. त्या दिवशी नेमका आठवडी बाजार. सेल्फ मारला तर असा बार उडाला, की समोरच्या बाईच्या पाटीतल्या कोंबड्या उधळल्या. दोन तर माझ्याच दुकानात शिरल्या!

जालन्याला माझ्या उस्तादांना फोन लावला. रहीमचाचा. काम मी त्यांच्याकडंच शिकलो.

"चार ही तो वायर थे, बबन! चालीस होते तो गाँव खाली करता क्या?"

*

मंग नवंच निघालं. सेल्फ मारला की अॅक्सिलेटरची केबल तापायची, कधी धूर बी निघायचा. मी शेठजींना सांगितलं, "तुमचा पाय जड पडतो." शेठजी म्हणजे उभी काडी! त्यांनी पँट वर करून पाय दाखवला.

पुन्हा उस्ताद. म्हणाले, "करंट को जाने का रस्ता दिया तूने. वापस आने का?"

"बिलकुल, उस्ताद!" म्हणालो. एक अक्षर कळलं न्हाई. फोन ठेवला अन् नवी बॅटरी बसवायला घेतली.

तेवढ्यात शेठजी आले. "हे शेवटचं, बबन. आता बंद पडली तर सरळ भंगारात. माँला परवाच सांगून टाकलंय."

माँजी दोन दिवस घरात कोणाशी बोलल्या न्हाईत म्हणे. मला लई वाईट वाटलं. दिवसभर बोनेटात डोकं घालून बसलो, दिसेल तो नट आवळला. सेल्फ मारला अन् गाडी एका झटक्यात सुरू!

*

मंग तीन महिने गाडीच्या तक्रारीचं नाव न्हाई. माझी मान ताठ. येईल त्याला सांगायचो, "फॉल्ट शोधायला डोकं लागतं!"

दुःख एकच. गाडी सुरू झाली त्याच दिवशी माझा बारा-तेराचा पाना हरवला, उस्तादांनी दिलेला. शेजारच्या पंक्चरवाल्या गणपतवर आळ घेतला अन् तीन महिने त्याच्यासोबत चहा प्यायलो न्हाई.

*

रामनवमीला माँजींनी मला बी सोबत नेलं. जांबपर्यंत गाडी कुठं खोकलीसुद्धा न्हाई. दर्शन झालं, प्रसाद झाला, माँजी आपल्या खिडकीशी जाऊन बसल्या. चार लोक कौतुकानं गाडी बघून राह्यले होते. मला कुठला दम निघतो! बोनेट उघडलं. म्हणालो, "बघा, काम कसं असतं!"

आत, इंजिन अन् बॉडीच्या मधी, घट्ट अडकून बसलेला माझा बारा-तेराचा पाना!

आनंदानं ओरडलोच. उपसला, पुसला, खिशात टाकला. शेठजींनी चावी फिरवली.

टक.

पुन्हा फिरवली. टक.

मागून माँजींचा आवाज आला, "भंगारात नको देऊ रे तिला." मला गणपतवरचा आळ बी आठवला. गुपचूप पाना काढला अन् जिथं होता तिथं ठोकून बसवला.

शेठजींनी चावी फिरवली. एका झटक्यात सुरू!

शेठजी खाली उतरले. एकदा पान्याकडं बघितलं, एकदा करंट अडवून बसलेल्या पट्टीखालच्या काळ्या रंगाकडं, एकदा माझ्याकडं.

"माँ, गाडी न्हाई देत भंगारात. ह्याचं काय करू, तेवढं सांग!"