मापकाकांची आजारी फ्लॉपी

मापकाकांनी कुत्रा पाळला आणि आठव्या दिवशी, भर दुपारी, डोक्यावरून घोंगडी घेऊन स्वतःच्याच घराच्या मागच्या भिंतीवरून आत उडी मारली. कुत्र्याने वास घेतला, शेपूट हलवली आणि तो पुन्हा झोपला. काकूंनी मात्र हातातल्या लाटण्याने पाठीत दोन तडाखे हाणले. पाठ चोळत काका बाहेर आले आणि म्हणाले, "कुत्रा फेल. बायको पास." ते वळ त्यांनी आठवडाभर शेजाऱ्यांना अभिमानाने दाखवले.

काका आमच्या समोरच्या घरात राहायचे. सगळी नोकरी वजनमापे खात्यात, निरीक्षक म्हणून. लकडगंजातले ठोक व्यापारी त्यांना लांबून येताना बघूनच काटा पुसायला घेत. निवृत्तीनंतर तपासायला काटे उरले नाहीत, तेव्हा काकांनी उरलेलं जग हाती घेतलं. दुधातलं पाणी ओळखायची काचेची नळी आणली, तर पहिल्या दिवशी दुधात स्वतःच मोजून पाणी घातलं आणि नळीला ते कळतं का ते पाहिलं. नळी पास झाली, पण त्या दिवशीचा चहा आम्ही सगळे विसरलो नाही.

त्यांचा प्रश्न एकच असे: "याले कोणी तपासलं?" वैद्य असो, वर्तमानपत्र असो, घड्याळ असो. त्यांच्या हपिसात म्हणे एक आतून पोखरलेलं किलोचं माप होतं. ते नेमकं किती हलकं आहे हे सगळ्यांना माहीत. नवा काटा आला की आधी ते त्याच्यावर ठेवायचं; पुरता किलो दाखवला तर काटा फेल. "खरं वजन कोणाजवळही सापडते," काका सांगत. "पण खोटं आहे हे नक्की माहीत असलेलं वजन, ते नशिबानं मिळते."

हे सगळं मला गमतीचं वाटे. मग एका उन्हाळ्यात ते माझ्या संगणकापर्यंत आले.

तेव्हा मी घरी संगणक घेतला होता आणि लोकांची टायपिंगची कामं करत होते. ऐंशीच्या दशकाची अखेर होती आणि वस्तीत असं यंत्र दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हतं. घरातला एकुलता एक कूलर त्याच्या खोलीत लावलेला. "त्या डब्याले थंडी हवा अन् मी इथं भाजून राहिली," असं सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. त्या डब्यात बोरकर बाईंचा प्रबंध होता. बाई कॉलेजात शिकवायच्या. संत्र्याच्या बागांच्या पाण्यावर त्यांनी अकरा वर्षं काम केलं होतं. मी टाइप केलेलं पान पडद्यावर तपासून झालं की त्या हाताने लिहिलेलं पान फाडून टाकत, पसारा नको म्हणून. म्हणजे अकरा वर्षं आता फक्त माझ्या यंत्रात होती, आणि प्रबंध द्यायला उरले होते दहा दिवस.

त्याच उन्हाळ्यात संगणकांची साथ आली. फ्लॉपी एका यंत्रातून दुसऱ्यात गेली की तिच्याबरोबर रोगही जाई. जवळच्याच एका संगणक क्लासात पडद्यावर एक बारीक चेंडू टणाटण उड्या मारत फिरायला लागला. मुलांना गंमत वाटली. दोन दिवसांनी क्लासच्या मुलांच्या नावांची यादीच उघडेना, तेव्हा गंमत संपली. मी तडक बर्डीच्या बाजारात गेले आणि एका दुकानातून रोग पकडणाऱ्या प्रोग्रामची फ्लॉपी आणली.

काका हजर झालेच. "हे काय आणलं वं सुधे?"

"रक्षक आहे, काका. संगणकात रोग शिरू देत नाही."

"कोण म्हणते?"

"तोच म्हणतो. बघा." मी प्रोग्राम चालवला. पडद्यावर ढाल उमटली आणि खाली इंग्रजीत ओळ आली: सर्व काही सुरक्षित आहे.

काका हसले. "तीस वर्षं मी लकडगंजात फिरलो. एकाही शेटजीनं मले सांगितलं नाही, का साहेब, माझा काटा खोटा आहे."

"दुकानदार खात्रीचा आहे."

"त्याले कोणी तपासलं?"

मी वैतागले. काका म्हणाले, "तुले याच्यावर भरवसा आहे ना? मंग मी त्या क्लासातून आजारी फ्लॉपी आणतो. याच्यासमोर ठेवू. पकडते का पाहू."

"काही नको!" मी जवळजवळ ओरडलेच. "बाईंचा प्रबंध आहे आत."

"हे पाहा, आता तूच बोलली. भरवसा आहे, तर भेते काहून?"

खरं ऐकलं की मला राग येतो, आणि रागात मी हो म्हणते.

"पण आधी गिऱ्हाइकाचा माल उतरव," काका म्हणाले. "मालासकट काटा तपासत नाहीत."

माल उतरवायला दोन दिवस लागले. प्रिंटर करकरत होता, काका कागद सरळ करत होते, सासूबाई कानात बोटं घालून बसल्या होत्या. मग सगळं कोऱ्या फ्लॉप्यांवर उतरवून घेतलं. फ्लॉपीच्या कडेला एक खाच असे. तिच्यावर चिकटपट्टी लावली की तिच्यात कुणालाच काही लिहिता येत नसे. हे कळल्यावर काकांनी मुद्दाम एकीवर लिहायचा प्रयत्न करून पाहिला. यंत्राने नकार दिला. काका खूष झाले. "हे खरं कुलूप. काही बोलत नाही, ढाल दाखवत नाही, गुमान आपलं काम करते."

आजारी फ्लॉपी त्यांनी काकूंच्या स्टीलच्या डब्यातून, झाकण घट्ट लावून, सायकलवरून आणली.

"तो डबा आता माझ्या स्वयंपाकघरात येणार नाही," काकू त्यांच्या दारातूनच म्हणाल्या.

"अवं, हा रोग माणसाले होत नाही."

"कोणी तपासलं?" काकूंनी विचारलं. काका डबा काखेत मारून आमच्या घरात शिरले.

रिकाम्या केलेल्या यंत्रात रक्षक बसवला आणि आजारी फ्लॉपी घातली. रक्षकाने तिला वरून खालून पाहिलं. ढाल उमटली. सर्व काही सुरक्षित आहे. मी काकांकडे विजयी नजर टाकली. काका खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "चहा टाक." त्यांच्या सांगण्यावरून मी त्याच फ्लॉपीवरून यंत्र पुन्हा सुरू केलं, आणि रक्षकाला पुन्हा विचारलं. पुन्हा ढाल, पुन्हा तीच ओळ. चहा संपेपर्यंत पडद्याच्या कोपऱ्यातून एक बारीक चेंडू निघाला, ओळीतल्या 'सुरक्षित'वर आपटला, उसळला, आणि ढालीच्या मधून निघून गेला.

आत बाईंची अकरा वर्षं असती, तर ती ढाल बघून मी निवांत झोपले असते.

दुकानदाराने कुरकुरत दुसरा रक्षक दिला; यंत्र पुसून कोरं करून मी तो बसवला. त्याने आजारी फ्लॉपी ताबडतोब पकडली. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तोवर काकांनी नव्या खोक्यातली, सील न फोडलेली फ्लॉपी काढून पुढे केली. रक्षकाने तीही पकडली. मग बाईंच्या प्रबंधाच्या फ्लॉप्याही एकेक करून पकडल्या. "याले सगळेच चोर दिसतात," काका म्हणाले. "असा एक साहेब होता आमच्या खात्यात."

दोन्ही रक्षक फेल. शेवटी यंत्र धुऊनपुसून पुन्हा उभं केलं आणि भरवसा ठेवला तो चिकटपट्टीवर आणि कागदाच्या गठ्ठ्यावर. बाईंनी वेळेत प्रबंध दिला. काय घडता घडता राहिलं हे मी त्यांना नंतर सांगितलं. त्यांनी पाणी मागितलं, आणि त्यानंतर आयुष्यात एकही पान फाडलं नाही.

पुढे काही वर्षांनी काका आजारी पडले. दवाखान्यात रक्तदाब मोजायला आलेल्या कंपाउंडरला त्यांनी आधी स्वतःचा मोजायला लावला. त्याचाच जास्त निघाला. काका त्याला म्हणाले, "पलंग पाहिजे का?" त्यानंतर ते चारच दिवस होते.

तेरावं झाल्यावर काकू आमच्याकडे आल्या. हातात तोच स्टीलचा डबा. इतकी वर्षं तो त्यांनी स्वयंपाकघरात घेतला नव्हता. परसात, न्हाणीच्या फळीवर ठेवला होता. "तुझी वस्तू आहे म्हणत होते," एवढंच बोलून त्या गेल्या.

आत ती फ्लॉपी होती. खाच चिकटपट्टीने बंद केलेली, आणि वर काकांच्या खात्यातल्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी: "खोटे. खात्रीचे. जपून ठेवणे."

आता ती फ्लॉपी घालायला कुठल्याच यंत्रात जागा नाही. तरीही नवा संगणक बसवायला येणारा माणूस "मॅडम, हे शंभर टक्के सुरक्षित आहे," असं म्हणाला की मी तो डबा काढून टेबलावर ठेवते, आणि त्याला चहा विचारते.